आईची कतरण आणि माझं छत

चूक माझी. आणि ती अज्ञानातून झालेली नाही.

कुळगावात घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर पत्रा टाकला. तिथली खोली आईची. एप्रिलमध्येच दुपारी तिथे बसवेना, म्हणून पत्र्याखाली उष्णता अडवणारं काहीतरी भरून सीलिंग करायचं ठरलं. आई म्हणाली, "उल्हासनगरात जीन्सच्या कतरणीचे जाड थर करून मिळतात. टाकणखाराच्या पाण्यातून काढलेले घे. कीड लागत नाही, लवकर पेटतही नाहीत."

तिला ठाऊक असणारच. आम्ही विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचो तेव्हा कारखान्यातून पोत्यांनी येणारी कतरण, म्हणजे जीन्सचे टाकाऊ तुकडे, ती घरी बसून निवडायची. जाड वेगळी, पातळ वेगळी, चेन आणि बटणं उपटून बाजूला. तिची बोटं कायम निळी. त्या कमाईवर मी डिप्लोमा केला आणि अंबरनाथच्या कंपनीत सुपरवायझर झालो.

आणि मी, मामासमोर, तिला म्हणालो, "आई, आता तरी त्या चिंध्या सोड. वास्तुशांतीला लोक येणार. छतात चिंध्या भरल्यात असं सांगू?"

मामा खो खो हसला. "ताई, पोरगा साहेब झाला तुझा. चिंध्या टोचतात त्याला."

आई उठून आत गेली.

मी ग्लासवूल आणलं, काचेच्या तंतूंचं. कारागीर म्हणाला, "साब, इसको कपड़े में लपेटना पड़ेगा, नहीं तो झड़ेगा. दो दिन और लगेंगे." मी म्हणालो, "परसों पूजा है. ऐसे ही बंद करो."

पंधरा दिवसांत आईच्या मानेवर, हातांवर चट्टे उठले. खोकला सुरू झाला. मी म्हणालो, पाणी बदललंय, सवय होईल. तिने अंथरूण स्वयंपाकघरात आणलं तेव्हा तर मी ओरडलोच. "मुद्दाम करतेस ना? तुझं ऐकलं नाही म्हणून?"

"हो रे," ती म्हणाली. "मुद्दाम खाजवते."

मग एकदा पंख्याची वायर बघायला मी सीलिंगचा तुकडा काढला. पिवळी भुकटी तोंडावर आली. संध्याकाळपर्यंत माझे हात आगीसारखे चुरचुरत होते. मला एक संध्याकाळ; तिला दीड महिना. राग कोणावर काढणार? कारागिराने सांगितलं होतं, आईने सांगितलं होतं. मी नाकाला फडकं बांधून ते सगळं ओरबाडून काढलं. संताप असा की हातमोजेही घातले नाहीत.

नंतर आईला घेऊन उल्हासनगरला गेलो. तिने थर दाबून पाहिले, वास घेतला. मालकाला विचारून एका तुकड्याला काडी लावली. तो काळा पडला, पेटला नाही. "हा घे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

काम झालं. आईची खोली निवली, तिचे चट्टे गेले. पण माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. मामा आला तेव्हा वर बघत त्याने विचारलं, "काय रे साहेब, काय भरलंस शेवटी?"

ज्याच्यासमोर तिचा अपमान केला, त्याच्यासमोरच बोलायला हवं होतं.

"कतरण. आईने निवडलेली," मी म्हणालो आणि आईकडे वळलो. "आई, मला तुझ्या कामाची लाज वाटत होती. म्हणून तुझं ऐकलं नाही, आणि तुला त्रास झाला तर तुलाच खोटं पाडलं. माफ कर मला."