भिंतीलगतची खाट

माझी थोरली बहीण, अक्का, धावड्याच्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हा मीच म्हणालो, "आता भाड्याच्या खोलीत एकटी राहायचं न्हाई. जालन्याला ये. माळ्यावर तुझ्यासाठी खोली काढतो." हे मी एका लग्नाच्या पंगतीत, चार पाहुण्यांदेखत म्हणालो. वर पाडव्याचा वायदाही केला.

आमचं घर जुन्या जालन्यात. माळ्याला भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी कड्या आणि त्यांवर फळ्या. खोलीसाठी बोलावलेल्या सुतार मिस्त्रीनं खालून टॉर्च मारला, वर जाऊन मधोमध टाचेनं दणका दिला आणि म्हणाला, "खोली होईल साहेब, पण पहिले कड्या मजबूत करा. एकेका कडीला दुसरी जोडू, खालून आडवा गर्डर टाकू. पंधरा दिवस जास्ती लागतील."

पंधरा दिवस म्हणजे पाडवा हुकणार. मी हसलो. "अहो, दरसाल आमची वर्षाची ज्वारी अन् गहू ह्याच माळ्यावर असतो. अक्काचं वजन एका पोत्याएवढंबी न्हाई."

"पोती भिंतीला लागून असतात साहेब. तिथलं वजन भिंत घेती. माणूस मधून चालतो."

"तुमचं गर्डरचं दुकान हाय का काय?" मी म्हणालो.

चहाचे कप घेऊन आलेल्या बायकोनं मान खाली घातली. मिस्त्रीनं टेप गुंडाळला. "बराबर हाय. घर तुमचं," एवढंच बोलून तो चहा न घेता गेला.

मग दुसरा कारागीर गाठून मी फळ्यांवर प्लायवूड ठोकून घेतलं, छताचा पत्रा वर उचलला, खिडकी बसवली. पाडव्याला अक्का आली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी खोली अशी दाखवायचो, जणू सगळ्या कड्या माझ्याच खांद्यावर आहेत.

महिनाभरानं एकदा तिच्यासाठी चहा घेऊन वर गेलो. दार अर्धं उघडं होतं. अक्काला खाटेवरून उठून समोरच्या खिडकीशी जायचं होतं. सरळ गेली असती तर चार पावलं. पण ती एक हात भिंतीवर ठेवून, कडेकडेनं, तीन भिंतींना वळसा घालून गेली.

"अक्का, अशी का चालून राह्यली?"

ती दचकली. "मधी हालतंय रे थोडं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"आल्या आल्या काय खोट काढायची? वहिनीला वाटलं असतं, हिला घर पसंत पडलं न्हाई."

मागून जिना चढत आलेली बायको म्हणाली, "मला काय वाटायचंय? मला तर मिस्त्री गेल्ता तवाच कळलं होतं, हे हालणार."

मी मधोमध पाऊल टाकलं. माझं वजन चार पाहुण्यांत सांगण्यासारखं नाही. बशीत कप खुळखुळला. चाळीस वर्षं शेकडो पोरांना दटावलेली ही बाई माझ्या घरात महिनाभर भिंत धरून चालत होती, आणि का, तर आम्हाला वाईट वाटू नये म्हणून!

तडक मिस्त्रीच्या कारखान्यात गेलो. वाटेत माफीचं छान वाक्य जुळवलं होतं. तोंडातून निघालं, "ते... गर्डरचं..."

त्यानं रंधा थांबवला. "तुमच्या बहीण, आपा, वर राहून राह्यल्यात का?"

"महिना झाला."

तो उठलाच. "जल्दी चला. पहिले त्यांना खाली आणा. बोलणं मंग."

बोलणं त्यानं नंतरही काढलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्याच संध्याकाळी कड्यांखाली टेकू लागले. प्रत्येक जुन्या कडीला नवी कडी बोल्टनं आवळली, खाली गर्डर बसला. बरोबर पंधरा दिवस लागले.

काम झाल्यावर मी ऐटीत मधोमध उभा राहिलो. "आता बघ अक्का, किती पक्कं झालंय!"

"छान झालंय रे," ती भिंतीपाशी उभी राहूनच म्हणाली.

मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, तुम्ही बाजूला व्हा." मग तिच्याकडे वळला. "आपा, तुम्ही चाला. जिथं हालंल तिथं बोट दाखवा. बिलकुल लाजू नका."

अक्का मधून चालली. दारापाशी थबकली, पुन्हा एकदा टाच दाबली. "इथं जराशी कुरकुर लागती, मिस्त्री."

"बरं झालं सांगितलं," म्हणत तो पाना घेऊन खाली गेला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. जे तिला महिनाभर मला सांगता आलं नव्हतं, ते तिनं त्याला एका मिनिटात सांगितलं होतं.