वारलेल्या राज्यपालांची सही

आमच्या दिल्लीच्या कार्यालयात राज्यांची माहिती जुळवून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. डाव्या रकान्यात राज्यपाल आणि त्यांचा कार्यकाळ, उजव्या रकान्यात निवडणुका, मंत्रिमंडळं, राष्ट्रपती राजवट. तेव्हा मी पस्तिशीतला होतो आणि माझ्या तक्त्यात चूक सापडत नाही याचा मला गर्व होता. एका राज्यपालांची तारीख संपली की दुसऱ्यांची लगेच सुरू झाली पाहिजे, मध्ये फट नको, हा माझा हट्ट.

पूर्वेकडच्या एका राज्याचा तक्ता करताना अशी फट निघाली. तिथले राज्यपाल पदावर असतानाच वारले होते आणि नवे यायला काही आठवडे लागले होते. मी वारलेल्यांचाच कार्यकाळ नव्यांच्या शपथविधीपर्यंत ओढला.

आमच्या टायपिस्ट ताई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. माझा कागद त्यांनी टाइपराइटरवर चढवला आणि थांबल्या.

"भाऊ, मध्ये शेजारच्या राज्याच्या राज्यपालांकडे कार्यभार होता ना? मागच्याच महिन्यात मी त्याचं पत्र टाइप केलंय."

"प्रभारी माणसाला कोण धरतं, ताई? तुम्ही आहे तसं उतरवा. बिल्कुल बरोबर आहे."

"अच्छा. तुमचा हिशोब, तुम्ही जाणा," असं म्हणून त्यांनी टाइप केलं.

नेमकी त्याच आठवड्यांत तिथली विधानसभा विसर्जित झाली होती. आदेशावर सही होती त्या प्रभारी राज्यपालांची. माझ्या तक्त्यावरून वाचणाऱ्याला वाटावं, सही वारलेल्या गृहस्थांनी केली. भर बैठकीत त्या राज्याच्या एका अधिकाऱ्याने हे दाखवलं आणि सगळे हसले म्हणे. आमचे साहेब तिथून थेट आमच्या खोलीत आले.

"क्यों भई, मुर्दे से दस्तख़त करवा लिए? किसने बनाया ये?"

ताई माझ्या समोरच बसल्या होत्या. मी म्हणालो, "सर, टाइपिंग में एक लाइन छूट गई होगी."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं, याचीच मला जास्त लाज वाटते. साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मशीनवर कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्या हळूच म्हणाल्या, "यंदा माझं नाव बढतीच्या यादीत आहे, भाऊ. गोपनीय अहवाल याच महिन्यात लिहितात. माझ्यासाठी काही करू नका, फक्त खरं काय ते साहेबांना सांगा."

"सांगतो, ताई. आजच सांगतो."

त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. पुढे दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा आत कोणी बसलं होतं. दुसऱ्यांदा ते एकटेच होते. त्यांनी "बोलो" म्हटलं आणि मी रजेचा अर्ज पुढे केला. रजा मला नको होती, पण मिळाली. घरी बायकोला सांगितलं, सहज घेतली.

अहवालात ताईंच्या नावापुढे 'कामात निष्काळजीपणा' असा शेरा आला. बढती त्यांच्यानंतर लागलेल्या बाईंना मिळाली. साहेबांची बदली झाली.

नव्या साहेबांनी तक्ता सुधारून मागितला. मी फट उघडी केली आणि त्यात प्रभारी राज्यपालांची ओळ घातली. सोबतच्या टिपणीत मूळ चूक माझीच होती असं एक वाक्य लिहिलं आणि ताईंकडे देण्याआधी ते खोडलं. चांगलं गिचमीड करून, वाचता येऊ नये असं.

तासाभराने ताईंनी टाइप केलेले कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"खोडलंय ते सोडून बाकी सगळं उतरवलंय, भाऊ. तपासा आणि सही करा."

मी तारखा एकेक करून तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. मी सही केली.