अंगठ्यांची सात पानं

"हे अंगठेवाले कागद काढून टाक."

सरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. डोंबिवलीतलं त्यांचं ऑफिस. मी त्यांची ज्युनियर वकील. कल्याणला फॅमिली कोर्ट व्हावं म्हणून सरांच्या नागरिक समितीचं निवेदन ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं होतं. आमच्या भागातल्या बायकांना प्रत्येक तारखेला ठाण्याचं कोर्ट गाठावं लागतं. तारीख म्हणजे कामावर खाडा. खाडे वाढले की काम जातं.

वर सोसायट्यांमधल्या सह्या होत्या. खाली कल्याणजवळच्या मोहने गावातल्या बायकांची सात पानं. ती मी दारोदार फिरून आणली होती. प्रत्येक ठशाशेजारी नाव आणि 'निशाणी डावा अंगठा'. अक्षर माझं.

"का, सर?"

"अगं, बरं दिसत नाही. इंग्रजी सह्या असल्या की वजन पडतं."

समितीचे एक काका बसले होते. म्हणाले, "आणि या बायांना दाराशी कोर्ट दिलं ना, तर भाजीला निघाल्यासारख्या रोज येऊन बसतील."

सगळे हसले. मीही हसले. थोडंसं. लिहायला लाज वाटते, पण हसले.

मग पिना काढायला लागले. तिसरं पान आलं आणि हात थांबला. त्यावर माझ्या आईचा अंगठा होता.

तिथे हे कुणालाच माहीत नव्हतं. आई घरोघरी पोळ्या करते. तिने मला इंग्रजी शाळेत घातलं आणि मी तिला एकाही पालकसभेला येऊ दिलं नाही. आई गावाला गेलीये, असं दहावीपर्यंत सांगत आले. अस्खलित इंग्रजीत. माझं इंग्रजी ऐकून सर मला त्यांच्यातली समजायचे. मी समजू द्यायचे.

"सर, यात माझ्या आईचा अंगठा आहे."

"तुझ्या? अगं, मग आधी सांगायचंस ना! तुझ्याकडे बघून अजिबात वाटत नाही." मग मोठ्या मनाने म्हणाले, "बरं, आईचं पान राहू दे. बाकीची काढ."

'काढून टाक' म्हणाले होते, त्यापेक्षा हे जास्त लागलं.

"नाही. सगळी राहतील."

"निवेदन समितीचं आहे. तू कोण ठरवणार?"

मी सातही पानं उचलली आणि निघाले. कुणी थांबवलं नाही. जिना उतरताना कळलं, नोकरी गेली.

घरी आईला सगळं सांगितलं. माझं हसणंसुद्धा. ती कणीक मळत राहिली. मळता मळताच म्हणाली, "माझं सोड. बाकीच्या बायांना काय तोंड दाखवशील?"

मी स्वतंत्र अर्ज लिहिलाय. मराठीत. अर्जदार मी, पत्ता आमच्या मोहन्याच्या घराचा. सात पानं सोबत जोडली आहेत. उद्या ठाण्याला जाणार. समितीचं निवेदन आलंय, हे आणखी कशाला, असं खिडकीवर म्हणतील. उद्या या, म्हणतील. साहेब नाहीत, म्हणतील.

म्हणू देत. पोच हातात पडेपर्यंत मी खिडकी सोडणार नाही.