पेट्रोलच्या रांगेतली काळी गाडी

टँकरवाल्यांच्या संपात बीडमध्ये एकाच पंपावर पेट्रोल उरलं होतं आणि रांग पार बसस्टँडपर्यंत गेली होती. माझी जुनी काळी गाडी पाण्यासारखं पेट्रोल पिते, पण तिच्या आवाजानं म्हशी उधळतात. रांगेत सगळे इंजिन बंद करून गाड्या ढकलत होते. ते आपल्या रक्तात न्हाई. मी इंजिन चालूच ठेवलं.

ऐन माझ्या नंबराला एका पांढऱ्या जीपवाल्यानं मध्येच जीपचं तोंड घुसवलं.

"कावून घुसतो बे?" म्हणत मी सीटखालची लोखंडी टामी काढली आणि त्याची काच फोडली. त्यानं उतरून अशी बुक्की हाणली की माझा दात तुटून घशात गेला. मी त्याचं डोकं त्याच्याच बोनेटवर आपटलं. आम्ही एकमेकांची कॉलर धरून मातीत लोळत होतो तोवर मागच्यांनी आम्हाला वळसा घालून पेट्रोल भरलं. पंप आटला. माझी गाडीही घरघर करून बंद पडली.

आम्हाला दवाखान्यात न्यायला कुणी गाडी देईना. शेवटी पंपाबाहेरच्या केळीवाल्या चाचांनी हातगाडा रिकामा करून दोघांना शेजारी शेजारी टाकलं.

"आता तरी कॉलर सोडा रे!" गाडा ढकलता ढकलता ते ओरडले.

दोघांनीही सोडली नाही.