गौतमची सुट्टी

बायको गेली, पण तिलाही हे ठाऊक नव्हतं. मग तुम्हालाच का सांगतोय? साखरा या माझ्या गावातल्या घरात हल्ली बोलायला कुणी नसतं. गावकरी येतात, ‘जनरल साहेब’ म्हणून दुरूनच नमस्कार करतात — बसत कुणी नाही.

लष्करातून निवृत्त झालो आणि सरकारनं मला एका लहानशा देशात राजदूत म्हणून पाठवायचं ठरवलं. कोरडवाहू शेतकऱ्याचं पोरगं राजदूत! हिंगोलीत मोठा सत्कार झाला. भाषणांत सगळ्यांनी एकच किस्सा रंगवला — मी कर्नल असताना माझ्या पलटणीनं बर्फात राखलेली चौकी. मी खाली मान घालून ऐकत होतो. लोकांना तो विनय वाटला.

त्या चौकीवर गौतम गेला. औंढ्याजवळच्या खेड्यातला जवान, माझ्या जिल्ह्यातला पलटणीत तो एकटाच. बहिणीच्या लग्नासाठी त्याची सुट्टी मंजूर होती, पेटीही बांधून झाली होती. तेवढ्यात चौकीसाठी माणसं कमी पडली. दुसरा कुणी असता तर मी जाऊ दिलं असतं — खरंच दिलं असतं. पण साहेब आपल्या गाववाल्याला सांभाळतो, असं कुणी म्हटलं तर? मी सुट्टी रद्द केली. तो एवढंच बोलला, “साहेब, माय वाट पाहून राहिली.” मराठीत, सगळ्यांसमोर. मला त्याचाच राग आला. मी हिंदीत हुकूम सोडला आणि वळलो. चारच दिवसांत वर बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली गाडला गेला.

पण हे तरी हुकमाचं झालं. माझा गुन्हा त्यानंतरचा आहे.

त्याला घरी घेऊन मीच गेलो. अख्खं खेडं जमलेलं. त्याच्या आईनं, गयाबाईनं, विचारलं, “सुट्टी भेटली म्हनला व्हता, मंग काहून न्हाई आला?” आणि मी — कितीतरी वर्षांनी आपल्या बोलीत — म्हणालो, “बाई, मी सोडूनच राहिलो व्हतो. त्योच सोताहून म्होरं झाला.” लोकांनी घोषणा दिल्या.

पुढं हिंगोलीतल्या त्या सत्काराला गयाबाई आली नाही. का आली नाही, हे मला कळायला हवं होतं ना? मीच तिच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, लेकीच्या लग्नाचा फोटो. गौतमचा नाही.

“पेटीत टाकला,” ती म्हणाली. “बहिनीच्या लगनापरीस बर्फ गोड लागला त्याला. सोताहून गेला, तुमीच तर सांगितलं. मायला इचारलं बी न्हाई.”

एक वाक्य पुरे होतं. देशाच्या वतीनं बोलायला निघालेल्या माणसाला ते जमू नये? “शूर होता,” म्हणालो, चहा संपवला आणि उठलो. वारंगा फाट्यावर गाडी थांबवली — परत फिरावं म्हणून. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. पाणी प्यायलो आणि नांदेडकडे चल म्हणालो.

त्यानंतर परदेशात मी पुष्कळ गोड बोललो. तिकडं असतानाच गयाबाई वारली. परत आल्यावर तिची लेक भेटली. म्हणाली, मायनं शेवटपर्यंत भावाचं नाव काढलं नाही.

तो लग्नाला निघाला होता. बहिणीची साडी त्यानं पेटीत सगळ्यात वर ठेवली होती. ती मी पाहिली होती.