भुजंगाने छाटलेला पिंपळ

पूर्णा जंक्शनवर तिकीटबाबू असलेला रंगनाथ झाड मागायला निघाला की इस्त्रीचा सदरा घालायचा. सायकलच्या कॅरिअरला कुदळ, करवत आणि ओलं गोणपाट बांधलेलं असे, पण सायकल तो शेताबाहेर उभी करी. आधी मालकाला गाठायचं, कोणतं झाड हवं ते दाखवायचं, आणि तो हो म्हणाल्यावरच अवजार आत आणायचं. ढोरांनी खाऊन बुटक्या झालेल्या बोरीसाठी कोणी परवानगी मागत नाही. शेतकऱ्यांना हसू येई.

"अवो बाबू, एवढं रान पडलंय, आन् तुमी हे रोगट कशाला न्यायलाव?"

जुनं झाड उथळ कुंडीत लहानच ठेवण्याची ही कला त्याला रेल्वेतल्या एका इंजिनिअरच्या बायकोने शिकवली. नवऱ्याची सिकंदराबादला बदली झाली तेव्हा ती आपल्या कुंड्या रंगनाथच्या हवाली करून गेली. पुढे त्याच्या क्वार्टरमागे कुंड्यांची रांगच लागली. बायको सत्यशीला शेजारणींना सांगायची, "लोक झाडाला मोठं करतेत, आमचे हे उपाशी ठेवतेत."

न विचारता त्याने कधी एक रोपही उपटलं नाही. त्याच्या लहानपणी गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोराच्या हातात दुसऱ्याच्या बांधावरची काडी दिसली तरी ती चोरी ठरायची. परवानगी मागून, मालकाच्या समोर, राजरोस झाड उचलण्यात त्याला काय मिळत होतं हे त्या शेतकऱ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

१९७६ च्या फाल्गुनात, पिंपळाची पानं गळली तेव्हा, तो गंगाखेडला उतरून आपल्या गावी गेला. गावातले बडे शेतकरी आबासाहेब यांच्या विहिरीतला पिंपळ त्याला हवा होता.

हा पिंपळ विहिरीच्या चिऱ्यांतून उगवलेला. मुळं चिरे सरकवत, म्हणून तो छाटावा लागे. पण पिंपळावर मुंजा राहतो, लग्नाआधी मेलेल्या पोराचं भूत, असं सगळे मानत. हत्यार लावायला कोणी धजत नसे. मग दर साली रंगनाथच्या बापाला, भुजंगाला, बोलावणं येई. कमरेला दोर बांधून तो उतरे आणि फांद्या छाटून येई. सुगीला त्याची सूपभर ज्वारी मिळे. छप्पन सालानंतर वस्ती बौद्ध झाली आणि गावाची असली कामं सुटली. भुजंगाने हे एक सोडलं नाही. धाकटा भाऊ सटवाजी त्यावरून त्याच्याशी बोलेनासा झाला. एकोणसत्तर साली विहिरीत उतरताना भुजंगाचा पाय घसरला, तो चिऱ्यावर आपटला, आणि पावसाळाभर अंथरुणावर पडून राहून वारला. त्यानंतर वस्तीतलं कोणी त्या विहिरीत उतरलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात पिंपळही अर्धा वाळला, वाढलेल्या फांद्या मोडून पडल्या.

गेल्या दिवाळीला रंगनाथने विहिरीत वाकून पाहिलं होतं. झाड हातभर उंच आणि खोड मांडीएवढं. वर्षानुवर्षं एकाच जागी छाटल्याशिवाय असं खोड होत नाही. प्रत्येक घावाची गाठ ओळखू येत होती. बापाचा फोटो नव्हता, घर पडलं होतं. त्याच्या हाताने घडलेलं एवढंच शिल्लक होतं. पूर्णेला परतल्यावर रंगनाथने कुंभाराकडून रुंद, उथळ कुंडी करवून घेतली.

आबासाहेब विहिरीजवळ लिंबाखाली बाजेवर बसले होते.

"भुजंगाचा ना तू? रेल्वेत हाईस म्हने."

"हो. आबासाहेब, विहिरीतला पिंपळ मला न्यायचा आहे. तुमची परवानगी असेल तर."

"परवानगी?" आबासाहेब मोठ्याने हसले. "बाबा, तुजा बाप गेल्यापून मी माणूस हुडकायलोय. चिरे सुटायलेत. उद्याच उतर. बापाला एक सूप द्यायचो, तू दोन घे."

"ज्वारी नको. झाड पाहिजे. जगवायला."

"जगव न्हाईतर जाळ. इहीर साफ झाल्याशी मतलब."

इतक्या लवकर हो त्याला कुठेच मिळालं नव्हतं. पण ही परवानगी नव्हती. बापाला यायचं तेच बोलावणं होतं.

तो वस्तीवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. सटवाजी दारातच बसला होता.

"भुजंगाचं पोरगं इहीर साफ कराया आलंय म्हने. पँट घालून."

"तात्या, मी झाड मागितलंय. कामाला न्हाई आलो."

"तू झाड मागितलंस. त्यानं काय दिलं ते बघ की." सटवाजीने तंबाखूची चंची गुंडाळली. "दादा गेला तवा सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता बास. उद्या माज्या नातवाला बोलावणं आलं तर काय सांगू? रंगनाथसाहेब उतरले, तू बी उतर?"

"ते झाड माझ्या बापानं घडवलंय."

"ठावं हाय. त्याच झाडानं त्याला नेलं."

सकाळी रंगनाथ कुदळ घेऊन विहिरीवर गेला. पाण्याला आलेल्या बाया थांबल्या. लांब बाभळीखाली सटवाजी उभा होता.

"आबासाहेब, एक विनंती. पहिला घाव तुम्ही घाला. तुमचं झाड तुम्ही मला दिलंत, हे लोकांना दिसू द्या."

"मी? मुंजा माज्या घरात शिरंल!" बाया हसल्या. आबासाहेबांना जोर आला. "आन् तुमचा बुद्ध पिंपळाखालीच बसला व्हता म्हनतेत. तुला कसं चालतंय मग?"

"म्हणून तर जगवायला मागतोय."

"मग मुकाट उतर. घासाघीस कशाला? गोठ्यातला दोर घे, तुज्या बापाचाच हाय."

दोर आणला गेला. मधोमध, कमरेला घासून तो काळा पडला होता. रंगनाथने तो हातात घेतला, तिथल्या काळ्या भागावरून अंगठा फिरवला, आणि बाजेच्या पायाशी ठेवून दिला.

"राहू द्या, आबासाहेब," तो म्हणाला आणि गोणपाटात कुदळ गुंडाळून स्टेशनच्या वाटेला लागला.

पुढच्या साली सटवाजी डोळे दाखवायला पूर्णेला आला. चहा पिता पिता त्याने सांगितलं: आबासाहेबांनी गंगाखेडहून तेजाब आणून मुळांत ओतलं. तेजाब काही हत्यार नव्हे. मुंजाला तोंड द्यायचा प्रश्न आला नाही. खोड काळं पडलं, वरून सिमेंट लावलं.

"मी आडवा आलो नसतो तर तू न्हेलं असतंस," सटवाजी म्हणाला.

"तुमचं बरोबरच होतं, तात्या."

त्या फाल्गुनानंतर रंगनाथ कोणाच्याही बांधावर झाड मागायला गेला नाही. सटवाजी हात धुवायला मागे गेला, तेव्हा कुंड्यांच्या रांगेत त्याला एक रुंद, उथळ कुंडी दिसली. आत नुसती माती.

"हिच्यात काय हाय?"

"काही न्हाई. त्याच्यासाठी करवून घेतली होती."

सटवाजीने वाकून बोट खुपसलं. माती ओली होती.