अडकित्त्याचा एक ठोका

शेवडे बाईंच्या ओटीवर मी प्रथम गेले तेव्हा माझं वय बत्तीस होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी बायकांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला होता. पायरीवरूनच मी म्हटलं, “गिव्ह मी अ‍ॅडमिशन.” बाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी वर पाहिलं. “देते हो. पण जरा मागून तर बघ.”

आमचं घर मच्छीच्या धंद्यातलं. बोटींच्या इंजिनावरून हाक मारायची सवय, त्यामुळे आमचं साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं. मागणं आम्हांला ठाऊक नव्हतं. एक तर ओरडायचं, नाहीतर हात जोडायचे. बाईंच्या वर्गात पाण्याचा तांब्यासुद्धा इंग्रजीतून नीट मागितल्याशिवाय मिळत नसे, आणि वाक्यातल्या ज्या शब्दावर जोर द्यायचा, तिथे त्या अडकित्त्याचा ठोका देत. एका वाक्यात एकच ठोका. दुसरा मागितला तर म्हणत, “सगळंच महत्त्वाचं असेल तर काहीच महत्त्वाचं नाही.”

याची किंमत मला कळली ती माझ्या भावापायी. सुधीर परदेशी जहाजावर खलाशी. कराराची मुदत संपली तरी त्याला उतरवत नव्हते, आणि मुतखड्याने तो तळमळत होता. कंपनीच्या साहेबाला फोन करायला हवा होता. मी बाईंकडे धावले आणि म्हटलं, तुम्हीच बोला.

“भाऊ तुझा. तूच बोलायचंस,” बाई म्हणाल्या.

खरं सांगते, त्या वेळी मला बाईंचा भयंकर राग आला. तरी बसले आणि कागदावर लिहून काढलं. बाईंनी ते वाचलं. “एवढे प्लीज कशाला? लोणचं घालायचंय?” त्यांनी एक ठेवला, बाकीचे खोडले. “विनंती कर गो, गयावया नको.”

फोन लागला. साहेबाला मी नीट विचारलं, माझ्या भावाला कृपया घरी पाठवू शकाल का? तो म्हणाला, पुढच्या बंदरात बघू. माझं डोकं सणकलं. आता याचा उद्धार करणार, तेवढ्यात शेजारी अडकित्ता वाजला. एकदाच. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, “ही मस्ट सी अ डॉक्टर टुडे.” ‘मस्ट’वर सगळं वजन टाकलं. मग साहेबाने सुधीरचं पूर्ण नाव आणि जहाजाचं नाव लिहून घेतलं. संध्याकाळी सुधीरला लाँचमधून किनाऱ्यावर नेलं, आणि पंधरवड्यात तो घरी आमच्या पंगतीला होता.

मी रडले. तुम्ही का नाही बोललात, असंही विचारलं. बाई म्हणाल्या, “मी बोलले असते तर एक सुधीर आला असता.” त्याचा अर्थ पुढे कळला. आज वाडीत कुणाचा मुलगा जहाजावर अडकला की लोक माझ्याकडे येतात. आणि मी फोन त्याच्या आईच्याच हातात देते.

गौरवलेखात तक्रार करू नये म्हणतात. मी करणार. आम्हांला मागायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः कधी काही मागितलं नाही. गुडघा सुजला तरी विहिरीचं पाणी स्वतः ओढलं. मला दूधवाल्याकडून कळलं, तेव्हा मी बाईंना चांगलं फैलावर घेतलं.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचा फोन आला. “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांत थेंब घालायला जरा येतेस का गो?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रिक्षात बसून मी हसत होते आणि रडतही होते.

बाई, आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या झालात. तुमच्या साऱ्या विद्यार्थिनींच्या वतीने, तुम्ही शिकवलंत तसं मागते. एकच विनंती आणि एकच ठोका. ठणठणीत राहून जरा शंभरी गाठता का? गाठाच.